बास्केटबॉलची बॅग मुलांनी स्वतः भरायची: नवीन बॅचच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

परवा पाचवीतला एक मुलगा प्रॅक्टिसला सँडल घालून आला. शूज कुठेत विचारलं तर म्हणाला, "ताई, आईने बॅगेत टाकलेच नाहीत." मी आईला फोन केला नाही. त्याला टेबलापाशी बसवलं, स्कोअर लिहायला दिला आणि निघताना एवढंच सांगितलं की बॅग तुझी आहे, ती तू भरायची. पुढच्या वेळी शूज आले, सोबत नॅपकिन पण आला जो मी सांगितलाही नव्हता.

पुण्यात सिमेंटच्या कोर्टवर लहान मुलांना शिकवायला लागून मला 14 वर्षं झाली. दर जूनमध्ये नवीन बॅच आली की पहिले दोन आठवडे फोन चालूच असतात, फी किती, शूज कुठले, उंची वाढेल ना, मॅच कधी खेळवणार, आणि खरं सांगू का, यातले निम्मे प्रश्न मुलांनी मला विचारायला हवेत पण विचारतात आईबाबा. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. मुलांनी पण वाचा, लहान असतील तर आईबाबांनी वाचून दाखवा.

आधी बॅग. आदल्या रात्री भरायची आणि मुलाने भरायची, आईबाबांनी फार तर शेवटी एक नजर टाकायची. शूज, मोज्यांचे दोन जोड (घामाने ओले झालेले मोजे घालून पळलं की फोड येतात), एक लिटरची पाण्याची बाटली, मे महिन्यात दोन, नॅपकिन, एक जादाचा टीशर्ट, आणि दमा असेल तर पंप. पंप बॅगेत कुठल्या कप्प्यात आहे हे मला आणि मुलाला दोघांना माहिती पाहिजे. शूजबद्दल एकच सांगते, खूप महागडे घेऊ नका, सिमेंटवर सोल फार लवकर झिजतात आणि मुलांचे पाय वर्षभरात एक-दीड नंबर वाढतात. बोटं मोकळी राहतील, टाच घट्ट बसेल आणि लेस असेल असा साधा बास्केटबॉल शू पुरे. मात्र तो शूज रस्त्यावर घालायचा नाही, ग्राउंडवर येऊन बदलायचा, नाहीतर सोलला माती आणि खडी लागून येते आणि मग पाय सरकतो. नखं दर रविवारी कापायची. कडं, अंगठी, साखळी, कानातले डूल घरी काढून यायचं, हातातला धागा काढायचा नसेल तर वरून रिस्टबँड घाला. डिफेन्स करताना, म्हणजे समोरच्याला अडवताना, वाढलेल्या नखाने समोरच्याच्या डोळ्याखाली ओरखडा आलेला मी पाहिलाय, थोडक्यात वाचला तो मुलगा.

आता बॉलचं, कारण इथे बरेच बाबा चुकतात आणि प्रेमाने चुकतात. शाळेचा युनिफॉर्म जसा वाढत्या अंगाचा घेतो तसा आठ वर्षांच्या मुलाला थेट 7 नंबरचा बॉल घेतात, म्हणजे मोठेपणी पण वापरता येईल. तसं करू नका हो. 7 नंबर हा मोठ्या पुरुषांचा बॉल, 6 नंबर बायकांचा, आणि साधारण 11-12 वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना 5 नंबरच लागतो. जड बॉल दिला की मूल तो कमरेपासून दोन्ही हातांनी झोकून देतं कारण दुसरा मार्गच नसतो त्याच्याकडे, आणि ती सवय एकदा हाताला लागली की सुटायला दोन-दोन वर्षं जातात. रिंगचंही तेच. मोठ्यांची रिंग 10 फुटांवर म्हणजे 3.05 मीटरवर असते, लहानांसाठी 2.60 मीटर, म्हणजे साधारण साडेआठ फूट. आमच्याकडे लहान बॅच खालच्या रिंगवर खेळते. त्यावरून मला दरवर्षी कुणीतरी म्हणतं की ताई हे खोटं खोटं खेळणं झालं. नाही झालं. चौथीतल्या मुलाला चौथीचंच पुस्तक देतो ना आपण.

वेळ. सहाची बॅच म्हणजे सहाला लेस बांधून कोर्टवर, सहाला गेटमध्ये नाही. संध्याकाळचा ट्रॅफिक मला पण माहिती आहे, त्यामुळे उशीर होणार असेल तर फक्त कळवा, मी ओरडत नाही. पण दहा वर्षांच्या पुढच्या मुलांनी स्वतः कळवायचं, आईच्या फोनवरून व्हॉइस मेसेज टाका, "ताई मला आज ताप आहे" किंवा "ताई उद्या युनिट टेस्ट आहे, मी नाही येत", एवढं वाक्य आलं की बास. पहिल्यांदा अडखळतात, लाजतात, तिसऱ्या वेळी बोलायला लागतात. गेल्या काही वर्षांत मला वाटायला लागलंय की ड्रिबल, म्हणजे बॉल टपटपवत नेणं, शिकवण्याइतकंच हे शिकवणं माझं काम आहे.

कोर्टवर मुलांकडून मला काय हवंय ते सरळ सांगते. शिट्टी वाजली की बॉल हातात धरायचा, टपटप बंद, आणि जो बोलतोय त्याच्याकडे बघायचं. चुकलात तर पळत परत डिफेन्सला यायचं, डोक्याला हात लावून उभं राहायचं नाही, कारण तुम्ही उभे राहता तेवढ्यात समोरचा ले-अप मारून, म्हणजे पळत रिंगखाली जाऊन बॉल टाकून, मोकळा होतो. नवीन आलेल्या किंवा कमी येणाऱ्या मुलाला पास द्यायचा, मुद्दाम टाळायचं नाही, हे माझ्या लगेच लक्षात येतं आणि याच गोष्टीवर मी सगळ्यात जास्त चिडते. बेंचवर बसलेल्यांनी पाय पसरून गप्पा मारायच्या नाहीत, मॅच बघायची, आपल्या जागेवर खेळणारा काय करतोय ते बघायचं कारण पुढच्या मिनिटाला तिथे तुम्हीच असणार आहात.

आणि घरी रोज 15 मिनिटं ड्रिबल. फक्त 15. डावखुरे असाल तर उजव्या हाताने, नाहीतर डाव्याने. आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे येऊन जे होत नाही ते या 15 मिनिटांत होतं, मी खात्रीने सांगते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा, पण दुपारी दोन ते चार नको, खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबा झोपलेले असतात आणि मग तक्रार सेक्रेटरीकडे जाते आणि मुलाचं खेळणं कायमचं बंद होतं. असं झालंय दोन मुलांचं.

खाण्याबद्दल थोडक्यात. प्रॅक्टिसच्या दोन तास आधी पोळी-भाजी, आणि निघताना भूक असेल तर केळं, राजगिऱ्याचा लाडू नाहीतर चिक्की. वडापाव खाऊन आलं की पंधराव्या मिनिटाला पोटात दुखतं. उन्हाळ्यात लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी छान, बाटलीतलं एनर्जी ड्रिंक लहान मुलांना देऊ नका. घरी गेल्यावर वरणभात, उसळ, अंडं, दूध, जे तुमच्याकडे रोज होतं तेच. प्रोटीन पावडर देऊ का असं सातवीतल्या मुलाचे बाबा विचारतात, माझं उत्तर नको असं आहे, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

उंची. हा प्रश्न शंभरातले नव्वद लोक विचारतात म्हणून नीट सांगते. बास्केटबॉल खेळल्याने हाडं लांब होत नाहीत. उंची मुख्यतः आईबाबांकडून येते, आणि जेवढी यायची तेवढी पूर्ण यायला पोटभर सकस जेवण आणि रात्रीची झोप लागते. उंच मुलं या खेळात टिकतात म्हणून आपल्याला वाटतं की खेळामुळे उंच झाली. तेव्हा फक्त उंचीसाठी घालत असाल तर दोन वर्षांनी तुम्ही निराश व्हाल आणि मूल उगाच अपराधी वाटून घेईल, मी असं मूल पाहिलंय, दर महिन्याला भिंतीवर पेन्सिलने खूण करायचे घरचे. आणि बुटकी मुलं घाबरू नका. मग्सी बोग्स नावाचा खेळाडू 5 फूट 3 इंचांचा होता आणि एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, 14 सीझन खेळला. कोर्टवर खाली वाकून बॉल पळवणारा एक तरी प्रत्येक टीमला लागतोच.

आता मॅचचा दिवस, आणि हे आईबाबांसाठी. तुम्ही या, नक्की या, मुलांना आवडतं. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, समोरच्या टीमने छान बास्केट केली तर त्यांनाही वाजवा. पण "शूट कर, शूट कर", "अरे पास दे ना त्याला", "पकड त्याला" हे नको. कारण काय होतं ते मी बेंचवरून बघते, बाबांचा आवाज आला की मूल बॉलवरची नजर काढून स्टँडकडे बघतं, त्याच क्षणी मी काहीतरी सांगत असते, टीममेट काहीतरी ओरडत असतो, आणि दहा वर्षांच्या डोक्यात तीन आवाज एकदम शिरले की ते जागच्या जागी थिजतं. मग तेच बाबा म्हणतात की प्रॅक्टिसमध्ये तर छान खेळतो, मॅचमध्ये काय होतं कळत नाही.

रेफरीवर ओरडायचं नाही, कधीच नाही. लहान गटाच्या मॅचना शिट्टी घेऊन उभी असलेली मुलगी किंवा मुलगा बरेचदा कॉलेजातला खेळाडूच असतो, दिवसभर उन्हात पळत असतो, त्याच्याकडून एखादा फाउल सुटतो. आणि बऱ्याचदा रेफरी बरोबर असतात, आपल्यालाच नियम जुने माहिती असतात. ट्रॅव्हलचंच बघा, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकणं, पळता पळता बॉल हातात घेतला की जमिनीवर असलेलं पाऊल मोजत नाहीत, त्याच्या पुढची दोन मोजतात, फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, हे 2017 मध्ये बदललं, आणि तरी प्रत्येक मॅचला स्टँडमधून "ट्रॅव्हल, ट्रॅव्हल" चालू असतं. एका खेळाडूला पाच फाउल झाले की तो बाहेर, एका क्वार्टरमध्ये टीमचे चार झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता रिंगवर बॉल टाकायची संधी), आणि आमच्या बेंचवरून कुणी उद्धट बोललं तर टेक्निकल फाउल, म्हणजे समोरच्यांना आयता एक फ्री थ्रो. एवढं माहिती असलं तरी मॅच बघायला मजा येते.

मॅच हरल्यावर स्कूटरवर बसून घरी जाताना जे बोलणं होतं ना, त्यावर मूल पुढच्या वर्षी बॅगेला हात लावणार की नाही हे ठरतं असं माझं ठाम मत आहे. तो ले-अप कसा सुटला, तू डाव्या बाजूला का गेलास, त्या मुलाने बघ कसे 12 पॉइंट केले, हे सगळं त्याला आधीच माहिती असतं, तो मागे बसून तेच आठवत असतो. भूक लागलीये का विचारा. वाटेत काहीतरी खायला घाला. मॅचबद्दल त्याने विषय काढला तर ऐका, नाही काढला तर राहू द्या, चुका दाखवायचं काम मी प्रॅक्टिसला करणार आहेच.

माझ्या मुलाला कमी खेळवलं, हा विषय. दहा वर्षांखालच्या गटात मी सगळ्यांना जवळजवळ सारखा वेळ देते, निकाल काहीही लागो. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेच्या टीममध्ये तसं नसतं. टीममध्ये 12 जण, कोर्टवर 5, आणि कोण किती खेळणार हे प्रॅक्टिसची हजेरी, डिफेन्स आणि समोरची टीम बघून ठरतं. वाईट वाटणं साहजिक आहे. पण मॅच संपल्या संपल्या माझ्याकडे येऊ नका, तेव्हा तुम्हीही तापलेले असता आणि मीही. दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवा. त्याने विचारायचं, "ताई, मी अजून खेळण्यासाठी काय करू?" मी त्याला दोन गोष्टी सांगीन, नेमक्या, आणि महिन्याने त्याच्याशी परत बोलेन. त्यानंतरही तुमचं समाधान झालं नाही तर आपण तिघं बसून बोलू, मुलाच्या मागे नाही. दुसऱ्या मुलाशी तुलना मात्र मी ऐकणार नाही, ते मूल पण माझंच आहे.

वयाबद्दल अगदी स्पष्ट. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा होतात, आणि त्यासाठी जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, फोटो लागतात, त्याची एक फाइल जुलैमध्येच करून ठेवा, आदल्या रात्री धावपळ नको. पण जन्मतारीख बदलून आणायची गोष्ट माझ्यासमोर काढू नका. वयचोरी केलेला मुलगा 14 खाली चमकतो कारण तो अंगाने मोठा असतो, पुढे बाकीचे त्याच्याएवढे झाले की त्याच्याकडे स्किल नसतं, आणि ज्या खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची जागा गेली तो तोपर्यंत खेळ सोडून गेलेला असतो. दोघांचं नुकसान. वरच्या पातळीवर हाडांची तपासणी होते, तिथे पकडलं गेलं तर बंदी येते, आणि ती शिक्षा मूल भोगतं.

अभ्यास. आधी स्कॉलरशिपची परीक्षा, मग नववीपासून क्लास, आणि दहावीत बहुतेक मुली आणि बरेचसे मुलगे गायब. मी कुणालाही दहावी सोडून खेळ असं म्हणणार नाही. फक्त पूर्ण बंद करू नका. आठवड्यातले दोन दिवस, एक-एक तास येऊ द्या, परीक्षेच्या महिन्यात एक दिवस. जी मुलं अशी धरून राहतात ती मेमध्ये सहज परत रुळतात, ज्यांनी वर्षभर सोडलं त्यांच्यातली फार थोडी परत येतात. स्पर्धा खेळलेल्यांना दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे सगळं खरं, कागदपत्रं जपून ठेवा. पण आठव्या वर्षी सर्टिफिकेटसाठी म्हणून आणलेलं मूल मला ओळखू येतं, ते बॉलपेक्षा घड्याळाकडे जास्त बघतं. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघाची कॅप्टन झाली, मुलींना मी तिचं नाव मुद्दाम सांगते, पुण्यातली मुलगी तिथपर्यंत जाते हे त्यांना कळू दे म्हणून. इतका पल्ला सगळ्यांना गाठायचा नसतो, पण बारावीपर्यंत खेळत राहायला काय हरकत आहे.

दुखापतीचं नीट वाचा, कारण इथे घरगुती उपाय नडतात. पाय मुरगळला तर खेळ थांबवायचा, कापडात गुंडाळून बर्फ 15-20 मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. तेल लावून चोळायचं नाही, ओढून बसवायचं तर अजिबात नाही. चार पावलंही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी एक्सरे. बॉल बोटावर आदळून बोट सुजतं तेव्हा सगळ्यांना ते खेचायची घाई असते, खेचू नका, आत बारीक फ्रॅक्चर असू शकतं, शेजारच्या बोटाला पट्टीने बांधा आणि दाखवून घ्या. डोक्याला लागलं तर त्या दिवशी खेळ बंद म्हणजे बंद, मूल कितीही म्हणालं की मी बराय तरी, आणि उलटी झाली, डोकेदुखी वाढली, गुंगी आली तर सरळ हॉस्पिटल. दहा ते पंधरा वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतं, उंची भरभर वाढत असताना होतं ते, त्याला नाटक म्हणू नका. मला सांगा, मी उड्या कमी करते आणि शूटिंग करून घेते. मुलांनो, दुखतंय हे लपवून खेळणं म्हणजे शौर्य नाही.

मुलींच्या आयांना एक सांगायचंय. पाळी सुरू झाली म्हणून खेळ थांबवायची गरज नाही. माझ्या किटमध्ये पॅड कायम असतात, मुलीने येऊन कानात सांगितलं की बास, जमत असेल तर खेळायचं, पोट दुखत असेल तर बसायचं, कारण विचारणार नाही. पाळी आली तेव्हा बॅच सोडलेल्या तीन मुली मला अजून आठवतात, तिघींचे हात फार छान होते.

आणि सुरक्षेचं. प्रॅक्टिस बघायला कुठल्याही दिवशी न सांगता या, गेट उघडं असतं. कोर्टवर मोठी माणसं कायम दोन असतात. कोच मुलांना वैयक्तिक मेसेज करत नाहीत, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. बाहेरगावच्या स्पर्धेला मुली असतील तर सोबत बाई असतेच, नसेल तर टीम जात नाही. कुणी शिक्षा म्हणून मारलं, अंगाला नको तसा हात लावला, अंगावरून किंवा जातीवरून बोललं, मग तो कोच असो की सीनियर खेळाडू, मुलाने घरी सांगावं आणि तुम्ही त्याच्यावर आधी विश्वास ठेवावा. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाठ करायला लावा, मी पण लावते. लैंगिक छळाची शंका जरी आली तरी पॉक्सो कायद्याने ती कळवणं मोठ्यांना बंधनकारक आहे, तिथे अकादमीचं नाव वगैरे काही बघायचं नसतं.

फीबद्दल फार लिहीत नाही. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत द्या, अडचण असेल तर मला एकटीला सांगा, फीमुळे इथून आजवर एकही मूल गेलेलं नाही.

पावसाळ्यात आमचं कोर्ट उघडं आहे त्यामुळे साडेचारला ग्रुपवर कळवते की आहे की नाही. ओल्या सिमेंटवर खेळवत नाही. पण पाऊस थांबलेला असेल तर मुलंच वायपर मारून कोर्ट कोरडं करतात, अर्धं झालं की तिथे तीन-तीनची मॅच लावतो, ऑलिम्पिकमध्ये पण आता तीन-तीनचं बास्केटबॉल असतं त्यामुळे मुलं खुशीत खेळतात. वायपर आमच्याकडे चारच आहेत. घरात जुने टॉवेल असतील तर द्या पाठवून, मुलाच्याच हातात.